चौदा तासांवरची ताई

३ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझं शहर ते माझं शहर, साडेसात हजार किलोमीटर. हवेत अकरा तास आणि मध्ये विमान बदलायला तीन, म्हणजे सगळे मिळून चौदा. एकेका बाईचे केस कुरळे करायला तू अर्धा दिवस घेतेस, तेव्हा हे काहीच नाही! पुढच्या महिन्यात ये. मी बेकरीतून सुट्टी घेतोय. काम काही नाही, सहज बोलावतोय. भाऊजींना नमस्कार.
तुझ्या लोभाचा हक्कदार,
गुंड्या

१५ मार्च
चि. गुंड्यास,
अ. उ. आ.
गणित बरोबर, पण माणूस चुकीचं निवडलंस. मी अजून लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून उभी राहते. तुझे भाऊजी म्हणतात, हिला विमानात बसवलं तर पायलटच घाबरून खाली उतरेल. तेव्हा तूच ये, पार्लरमध्ये फुकट केस कापून देते, उरलेत तेवढे.
एक मात्र खटकलं. भट्टीसमोरून तुला ओढून काढावं लागतं आणि तू आपणहून सुट्टी घेतोस? खरं काय ते लिही.
माया आहेच,
ताई

३० मार्च
ती. वन्संना,
सा. न. वि. वि.
ह्यांना न विचारता लिहितेय. वीस एप्रिलला ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, झडप बदलायची आहे. तुम्हाला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. ताई घाबरून येणार नाही आणि तिकडे झुरत बसेल, म्हणाले. तुम्ही याच, असं म्हणत नाही. पण आजकाल जेवताना, कणीक मळताना, सारखं तुमचंच काहीतरी सांगत असतात. शपथ मोडली म्हणून रागावू नका.
तुमच्या मायेत असू द्या,
तुमची भावजय

२४ एप्रिल
अहो,
फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. विमान उडताना मी शेजारच्या पैलवानासारख्या माणसाचा हात गच्च धरला. तो रागावेल म्हटलं, तर त्यानेच माझा हात सोडला नाही. त्याचीही पहिलीच वेळ होती! मधल्या विमानतळावर भलत्याच दाराशी जाऊन बसले. एका सफाईवाल्या बाईने तिकीट पाहिलं आणि मला अक्षरशः पळवत नेलं.
ऑपरेशन छान झालं. गुंड्या शुद्धीवर आला, माझ्याकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाला, भूल अजून उतरलेली दिसत नाही. मी कान पिळला तेव्हा कुठे पटलं त्याला. मग लहानपणी रडायचा तसा रडला, आणि टाके ओढतात म्हणून मलाच ओरडला. मी खुशाल ओरडू दिलं.
काल विचारत होता, प्रवास फार लांबचा वाटला का. विमानाचा नाही वाटला, म्हटलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते, तेवढंच अंतर काही केल्या संपेना.
परतीचं तिकीट पुढे ढकललंय. भांडी घासून ठेवत जा, आणि लोभ मी येईपर्यंत जपून ठेवा.
तुमचीच