आरशावरची चादर

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हं-हं करतोस, म्हणून पत्र लिहितेय. पत्रात हं लिहून सुटता येत नाही! भावजय जाऊन तीन महिने झाले आणि तू सलून बंद करून, आरशावर चादर टाकून घरात बसलायस, हे मला तुझ्या दुकानाशेजारच्या शिंप्याकडून कळावं? हात थरथरतो, वस्तरा धरवत नाही, असं त्याला म्हणालास म्हणे. डॉक्टर तर सांगतात, हाताला काही झालेलं नाही.

मग त्यांनी ज्या समुपदेशक बाईंचं नाव दिलंय त्यांच्याकडे जा. नाक मुरडू नकोस. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला घर खायला उठायचं, तेव्हा मीही जात होते. तुला बोलले नाही, इतकंच. तिथे दोन साध्या खुर्च्या असतात. का आलात, झोप कशी आहे, जेवता का, असं विचारतात. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारतात. दचकू नकोस, खरं ते सांग. जिवावर बेतल्याशिवाय बोललेलं खोलीबाहेर जात नाही. उपदेश करत नाहीत, तो मी करतेच आहे. पहिल्या एक-दोन वेळा घरी येताना जास्तच जड वाटतं, म्हणून सोडू नकोस. आणि नाहीच पटल्या तर दुसऱ्या बाई शोधता येतात.

गुडघे धड असते तर कान धरून नेलं असतं तुला.

माझा लोभ आहेच, तू उत्तर धाडून तो वाढव.
तुझी अक्का

११ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

गेलो एकदाचा! तू उगाच घाबरवलंस. तास कसा गेला कळलंच नाही. एका गिऱ्हाइकाच्या पोरीचं मोडलेलं लग्न, एकाचा भावाशी अबोला, एकाची उडालेली झोप, सगळं सांगितलं. नावं कुणाची घेतली नाहीत. बाई हसल्यासुद्धा. निघताना म्हणाल्या, तुमच्या खुर्चीत बसणाऱ्या सगळ्यांची ओळख झाली, पुढच्या वेळी तुमची करून द्या.

घरी येऊन कुलूप काढलं आणि सवयीनं आत तोंड करून ‘आलो’ म्हणालो. उत्तर येत नाही, याची मात्र अजून सवय होत नाही.

आशीर्वाद असू द्यावा.
तुझा धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या! गावभराच्या दाढ्या करून आलास आणि स्वतःची तशीच राहिली! इथून तिथून सगळ्यांची रड सांगितलीस, तुझी कोण सांगणार? मी?

त्या तुझ्या ‘आलो’नं मला दिवसभर चैन पडू दिलं नाही. हेच बाईंना सांग ना रे. मीसुद्धा एकटीच असते, मला कळतं.

वाट पाहते.
अक्का

२५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

यावेळी तोंडच उघडलं नाही. बाईंनी माझं काय चाललंय विचारलं. समोर बाई, मध्ये नुसतं टेबल. कुठे बघू कळेना. तासभर स्वतःच्या गुडघ्यांकडे बघून आलो. गप्प बसलात तरी चालतं, असं म्हणाल्या त्या. मला काही चाललं नाही. पुन्हा जायचं जिवावर आलंय.

रागावू नकोस.
धाकटा

६ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

गेलो, आणि गेल्या गेल्या सांगून टाकलं की मला समोरासमोर बोलता येत नाही. सगळा जन्म गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभा राहिलो, जे बोललो ते आरशात बघून. बाई उठल्या आणि दोन्ही खुर्च्या खिडकीकडे वळवल्या. बाहेर अंधारलं होतं. काचेत आम्ही दोघं दिसत होतो. मग तोंड उघडलं.

सांगितलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून आरशात मागचं बाकडं दिसतं. दुपारी चहा घेऊन ही तिथे बसायची, बडबडायची, मी कात्री चालवत हं-हं करायचो. ही गेल्यावर दुकान उघडलं, सवयीनं मान वर केली, तर बाकडं रिकामं. हात तेव्हापासून थरथरतोय. बाईंनी समजूत घातली नाही. ती काय बडबडायची, एवढंच विचारलं. ढसाढसा रडलो गं.

आज दुकानात गेलो, चादर काढली आणि हिच्या जागी बाकड्यावर बसलो. तिथून आरशात बघितलं, तर बाकड्यावर माणूस होता. रिकामी होती ती खुर्चीमागची जागा, माझी. ही असती तर केवढी ओरडली असती! उठलो आणि जाऊन तिथे उभा राहिलो. शिंपी डोकावला, त्याला बसवलं. हात थरथरलाच, म्हणून वस्तरा घेतला नाही, नुसते केस कापले. एका बाजूला जरा जास्तच गेलेत. पुढच्या आठवड्यात बाईंकडे जाणार आहे.

घरी येऊन कुलूप काढलं, ‘आलो’ म्हणालो. उत्तर नव्हतंच. मग कागद काढून तुला लिहायला बसलो.

आलो गं, अक्का.

तुझा धाकटा