पोटात उघडणारी छत्री

९ जानेवारी
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या माणसांच्या आयुष्याचे तपशील मागाहून शोधत बसावे लागतात. माझे तयार असावेत.
छत्रीचं डिझाईन पूर्ण.
जर्मनीतल्या आमच्या या टुटलिंगन गावात दर दुसऱ्या घरात कोणीतरी ऑपरेशनच्या कात्र्या नाहीतर चिमटे बनवतो, आणि उरलेल्या घरांत त्याचे नातेवाईक राहतात. दोनशे वर्षं हेच. कात्री, चिमटा, पुन्हा कात्री. मी, वेंडेलिन हाउग, श्विल्क कंपनीचा डिझाईन प्रमुख, गावाला यातून बाहेर काढणार.
हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेलं भोक. तिथून आतडं बाहेर डोकावतं, म्हणून आतून जाळीचं ठिगळ लावतात. दुर्बिणीने ऑपरेशन करताना ती जाळी गुंडाळून बोटाएवढ्या नळीतून आत सारतात. मग सर्जन दोन चिमट्यांनी ती उलगडत बसतात, वाऱ्यात चादर वाळत घालावी तसे. माझ्या छत्रीचा खटका दाबला की चार काड्या उघडतात आणि जाळी सपाट पसरते. पुन्हा दाबला की काड्या मिटतात. जाळी आत राहते, छत्री बाहेर येते. शेंबड्या पोरालाही जमेल. सर्जनलाही जमावं.
सकाळी दारासमोरचा बर्फ उपसला. उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आलाय. स्नायू असणार. या वयात नवीन स्नायू येणं दुर्मीळ. रोझविटाला दाखवला, तर म्हणे डॉक्टरकडे जा. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी बायकोला नवऱ्याच्या ताकदीचा अंदाज नाही.

१२ जानेवारी
लॅबमध्ये मेलेल्या डुकराच्या पोटात पहिली चाचणी. छत्री भव्य उघडली. जाळी उलटी पसरली. तिची एक बाजू गुळगुळीत असते, ती आतड्याकडे यायला हवी. ती वर आली.
डुक्कर तिरकं ठेवलं होतं.

१७ जानेवारी
श्विल्कसाहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग. हॉस्पिटलमधून डॉ. डांगेल आल्या होत्या. छत्री पेशंटवर वापरून बघायची ती त्यांनीच. बाई बुटक्या, आवाज जाड, चेहऱ्यावर कायम ‘बरं, पुढे?’ असा भाव. मी तासभर बोललो. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. शेवटी बाई म्हणाल्या, छान आहे हो, पण मी हे काम दोन साध्या चिमट्यांनी करते, आणि मला कुठे घाई असते?
कोल्ह्याला द्राक्षं आंबट. मी सांगितलं, बैलगाडीवाल्यालाही कुठे घाई होती. श्विल्कसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बैलगाडी थांबवता येते. तुमची छत्री मधेच अडकली तर?
अडकणार नाही, असं मी ठामपणे सांगितलं. ठामपणा हा निम्मा पुरावा असतो.
निर्णय: परवानगी मिळाली की त्या पहिल्या काही पेशंटवर वापरणार. पण आत घालायची की नाही, हे शेवटच्या क्षणी त्या ठरवणार. असो. लहान माणसांना मोठे अधिकार देण्याची या गावाला हौसच आहे.

२० जानेवारी
स्नायू वाढतोय. संध्याकाळी मोठा होतो, आडवं पडलं की नाहीसा होतो. शिंकताना त्याला हाताने धरावं लागतं. रोझविटाने विचारलं, ‘खोकला आला की बाहेर डोकावणारा हा कुठला रे स्नायू?’ मसूर आणि श्पेट्सलं, म्हणजे आमच्या अंड्याच्या शेवया, जेवलो. मसुराने गॅस होतो, त्याचाच फुगवटा असणार.
संकल्प: उद्यापासून पोटाचे व्यायाम.

२१ जानेवारी
व्यायाम रद्द. कारण: शास्त्रीय. (दुखतं.)

२६ जानेवारी
दुसरी चाचणी. जाळी अगदी सुलटी पसरली! मी टाळी वाजवली. खटका पुन्हा दाबला. छत्री मिटली नाही. ओढली तर जाळीही सोबत येऊ लागली. शेवटी डॉ. डांगेलनी चिडून डुकराचं पोट सरळ सुरीने फाडून ती बाहेर काढली. हात धुता धुता म्हणाल्या, डुक्कर गरीब, त्याने तक्रार केली नाही.
बाईंना विनोदाचं अंग नाही हे दिसलं.
नोंद: उघडण्यात शंभर टक्के यश. मिटणं हा तपशील आहे.

३ फेब्रुवारी
शोध लागला! खटका दाबताना मनगटाला डावीकडे एक हलका झटका दिला की काड्या बरोबर मिटतात. सलग चाचण्या झाल्या, सगळ्या मी स्वतः केल्या, सगळ्या पास. परवानगी देणाऱ्या समितीची माणसं माना डोलावत होती. त्यातल्या एकाला फक्त दुपारच्या जेवणाची काळजी होती.
माहितीपत्रकात झटक्याचा उल्लेख केलेला नाही. केला तर लोकांना उगाच वाटेल की यंत्रात काही दोष आहे. दोष नाही. ती शैली आहे. ज्याला मनगट नाही त्याने सर्जन होऊच नये.

१० फेब्रुवारी
परवानगी आली. श्विल्कसाहेबांनी ऑफिसात केक कापला. मी भाषण केलं. अर्ध्यात लोक जागेवर परतले, कामाचे भुकेले असावेत.
झटका डॉ. डांगेलना शिकवायचा आहे. सावकाश शिकवीन. आधी त्यांनी नीट विचारायला हवं.

१६ फेब्रुवारी
फास्नेटच्या उत्सवाची सुरुवात. अख्खं गाव लाकडी मुखवटे घालून रस्त्यावर, आणि मुखवट्याआडून एकमेकांचे वर्षभराचे फजितीचे किस्से मोठ्याने सांगायचे, ही इथली संस्कृती. मी जाणार नव्हतो. रोझविटाने ओढून नेलं. चौकात एक नकटा मुखवटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मोडकी छत्री फडफडवली आणि ओरडला:
‘लोकहो, हा बघा हाउग! याची छत्री उघडते डुकराच्या पोटात आणि मिटते फक्त समितीसमोर!’
सगळे हसले. बेकरीवाली हसली. पाद्री हसला. रोझविटा तर डोळे पुसत होती. मी तिला विचारलं, लॅबमधली गोष्ट बाहेर गेली कशी? ती म्हणाली, ‘अरे, तूच तर जेवताना चार घरांना ऐकू जाईल एवढ्याने सांगतोस.’
रागाने एकटाच घरी आलो. आलो तो तळघरात रिकाम्या बाटल्यांचा क्रेट दिसला. राग आला की काहीतरी उचलावं. उचलला.
जांघेत कोणीतरी गाठ मारून ओढल्यासारखं झालं. खाली बसलो. उठता येईना. रोझविटा आली तेव्हा मी तिला सांगितलं की बाटल्या तपासतोय.

१७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
हर्निया. हा शब्द स्वतःबद्दल मी पहिल्यांदाच लिहितोय, तोही दुसऱ्याच्या म्हणण्यावरून. डॉ. डांगेलनी बोटांनी आतडं आत ढकललं. डोळ्यांसमोर काजवे चमकले. बाई म्हणाल्या, हे काही आजचं नाही, महिनाभर तरी वागवताय. रोझविटा म्हणाली, ‘अहो, स्नायू होता तो.’ दोघी हसल्या. बायकांची एकजूट फार लवकर होते.
ऑपरेशन गुरुवारी. दुर्बिणीने, जाळी बसवून.
संध्याकाळी श्विल्कसाहेब आले. खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. त्यांना एकदम सुचलं होतं: छत्रीचा पहिला पेशंट खुद्द छत्रीचा जनक! पेपरात फोटो! मी लगेच म्हणालो, मीही हेच सुचवणार होतो.
सुचवणार नव्हतो. पण तसं बोलल्यावर आपण तसंच होतो असं वाटायला लागतं.

२० फेब्रुवारी
घरी. छत्रीचा पहिला पेशंट मीच, हे सगळ्यांना सांगून झालं. बेकरीवालीला दोनदा सांगितलं. आता हसा म्हणावं.

२२ फेब्रुवारी, हॉस्पिटल
ॲडमिट. शेजारच्या खाटेवर माउटे आजोबा. आयुष्यभर याच गावात टपाल वाटत होते, कान कामातून गेलेले, आणि हर्निया दोन्ही बाजूंना. त्यांचं ऑपरेशन उद्या माझ्यानंतर, तेही छत्रीने. मी कोण ते त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, ‘कालपर्यंत मला झोप नव्हती बघा. नवीन यंत्र म्हणे, कसं काय असेल! पण जो माणूस ते बनवतो तो स्वतःच्याच पोटात घालून घेतोय म्हटल्यावर मला कसली आलीय काळजी?’
मी म्हणालो, काळजी नकोच.
मग ते त्यांच्या नातीबद्दल बोलत राहिले. ती एप्रिलमध्ये लग्न करतेय आणि त्यांना तिला हाताला धरून चर्चमध्ये न्यायचंय. मी नीट ऐकलं नाही. एक साधा प्रश्न आत्ताच सुचला होता.
मी भुलीत असताना झटका कोण देणार?
डॉ. डांगेलना शिकवायचं राहून गेलं. कामाचा व्याप. आता राउंडला येतील तेव्हा सांगतो.

त्याच दिवशी, राउंड झाल्यावर
बाई आल्या, गेल्या. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे माहितीपत्रकात का नाही? आणि मग, समितीला का नाही सांगितलं? बाईंना एकातून दुसरा प्रश्न काढायची खोड आहे.
तसंही झटका न देता चार काड्यांपैकी तीन मिटतातच.

२३ फेब्रुवारी, सकाळी
पाठीमागे उघडा असलेला तो हिरवा झगा. असल्या कपड्यात कुठलाही माणूस शास्त्रज्ञ दिसू शकत नाही.
पुढचं विसरण्याआधी लिहून ठेवतो. अक्षर वाकडं येतंय, भुलीमुळे. (नाही. हे भुलीच्या आधीचं आहे. नर्सने दहा मिनिटं थांबायला सांगितलंय.)
डॉ. डांगेल आल्या. ट्रेमध्ये एका बाजूला माझी छत्री, पाकिटात चकचकीत. दुसऱ्या बाजूला दोन चिमटे. आपल्या गावातले, कुठल्याही ट्रेमध्ये सापडतील असले. बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, हाउगसाहेब, नियमाप्रमाणे विचारते. कशाने करू?
मी म्हणालो, याचा शास्त्रीय विचार केला तर शोधकाने स्वतःवर प्रयोग करून घेणं हे पक्षपाताचं ठरू शकतं. निष्कर्षांवर परिणाम होतो. परदेशात असं चालत नाही. शिवाय श्विल्कसाहेबांनी पेपरवाल्यांना बोलावून या गोष्टीला तमाशाचं रूप दिलंय.
बाईंनी सगळं ऐकून घेतलं.
‘म्हणजे नको?’
‘म्हणजे आज नको.’
त्यांनी मान हलवली, छत्रीचं पाकीट बाजूला केलं. मला हलकं वाटलं. चला, सुटलो. मग त्या दारापाशी थांबल्या.
‘आणि माउटे आजोबांना? यानंतर तेच आहेत. त्यांच्यासाठी उघडून ठेवू का ही?’
पडद्यापलीकडे आजोबा नर्सला नातीच्या लग्नाचं सांगत होते. त्यांचा आवाज मोठा, बहिऱ्या माणसाचा. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. निर्णय सर्जनचा असतो. समितीने मान्यता दिलीय. कागदपत्रं पूर्ण आहेत. एकेक तोंडाशी आलं.
मी म्हणालो, ‘नको.’
बाई दारातून परत खाटेपाशी आल्या. मी म्हणालो, मनगटाला झटका द्यावा लागतो, डावीकडे. नाही दिला तर एक काडी उघडीच राहते. कधी दोन. मला माहीत होतं.
मला वाटलं होतं, आता त्या चांगलंच सुनावतील. त्यांनी खाटेची कड धरली. म्हणाल्या, आणि मी उगाच इतके दिवस त्या डुकरावर चिडून होते.
नर्स आली. बास.

२४ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. तीन छोटी भोकं. शिंकलो तरी काही बाहेर येत नाही. जिना चढू शकतो, वजन उचलायचं नाही.
श्विल्कसाहेब येऊन गेले. ब्रेत्सेल पावांची पिशवी रोझविटाच्या हातात दिली, माझ्या नाही. छत्रीचं काम बंद. समितीला पत्र मीच लिहायचं, झटक्यासकट सगळं. मी म्हणालो, थोडी मुदत मिळाली तर काडी... ते म्हणाले, हाउग, पुरे आता. पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे साध्या चिमट्याची मूठ सुधारण्याचं काम. डॉ. डांगेल यांची सूचना आहे: त्यांची बोटं आखूड आहेत, मूठ त्यांना मोठी पडते.
रोझविटाने माझी उशी नीट केली. तिने काही टोमणा मारला नाही, तेव्हा मला जरा भीती वाटली.

दुपारी
जेवणाच्या वेळी माउटे आजोबा उठून बसले. कानाचं यंत्र कालपासून लावलेलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरबाईंनी त्यांना काल काय समजावलं होतं ते बहुधा हवेतच राहिलं. माझ्याकडे बघून हात जोडले. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘हाउगसाहेब, काय ते तुमचं यंत्र! दोन्ही बाजू दुरुस्त, आणि दुखत म्हणून नाही! नातीला सांगणार आहे तुमचं नाव.’
दोन खाटांवरच्या माणसांनी वळून पाहिलं. एकाने मान लववली. रोझविटा सफरचंद सोलत होती. तिने सुरी थांबवली, पण वर बघितलं नाही.
एवढा आदर या गावाने मला आजवर दिला नव्हता.
मी ओरडून सांगितलं, ‘आजोबा, ते माझं यंत्र नव्हतं. साधे चिमटे होते. दोन चिमटे!’
‘काय?’
‘चिमटे!’
आजोबांनी थोडा विचार केला.
‘असं होय,’ ते म्हणाले. ‘मग चिमटे छान आहेत.’
आणि त्यांनी पुडिंग संपवलं. माझं तसंच पडलेलं दिसलं, तेही मागून घेतलं.