चूलबंद आवतन

देवपूर, धुळे
रविवार, संध्याकाळ

तीर्थरूप नानांना ऋतिकाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? केळीला थंडी तर लागली नाही ना? मी बरी आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. फोन केला असता, पण घरचा फोन आई उचलते, आणि हे ऐकलं तर ती फैजपूरहून चालत निघेल. म्हणून हे पत्र प्रेमराजभाऊंच्या केळीच्या गाडीबरोबर पाठवते. आबांना सांगायची माझी छाती नाही. ते तुमचे धाकटे भाऊ, तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. नाना, मला इथून घेऊन जा. मी तोंड दाखवायच्या लायकीची राहिले नाही.

तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. कॉलेज सुरू झाल्यापासून मी इथे एका माणसाशी धड बोललेली नाही. हजेरीत नाव आलं की माझं ‘येस मॅडम’ बाहेर पडेपर्यंत मॅडम चार नावं पुढे गेलेल्या असतात. (म्हणजे मी रोज पहिल्या बाकावर बसून गैरहजर आहे.) मेसची भाजी खारट असली तरी मी दोनदा वाढून घेते, कारण ‘नको’ म्हणायला तोंड उघडावं लागतं. अशी मी गपगुमान दिवस काढत होते, ते काय वाईट होतं?

तर आम्हाला वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या मयुरी मॅडम तास संपताना म्हणाल्या, ‘‘रविवारी आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे, सगळ्यांनी यायचं हं.’’ पोरं नुसती हसली आणि वह्या मिटून उठायला लागली. मी थक्क! अहो, आवतन मिळालंय आणि कुणी विचारतही नाही, की घरटी एक माणूस, का चूलबंद? तुम्ही गावात आवतन द्यायला फिरता तेव्हा दारातच आधी हे सांगता. मॅडमचा अपमान होऊ नये म्हणून शेवटी मीच उभी राहिले आणि विचारलं, ‘‘मॅडम, चूलबंद का?’’ मॅडम पडल्या नाशिकच्या. त्या घाईत ‘‘हो हो, अगदी!’’ म्हणाल्या आणि गेल्या.

आता तुम्हीच न्याय करा. माझी चूल कोणती? हॉस्टेलच्या मेसची. चूलबंद म्हटल्यावर त्या चुलीवर जेवणारा एकूण एक जीव आला, आणि त्या दिवशी चूल पेटवणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. मी मेसच्या ताईबाईंना जाऊन सांगितलं. त्या इथल्याच, अहिराणी बोलतात. ‘‘बठ्ठासले?’’ म्हणाल्या. मी म्हटलं, हो, सगळ्यांना. त्यांना ही रीत तोंडपाठ. त्यांनी लगेच फळ्यावर लिहून टाकलं, रविवारी मेस बंद, आवतन आहे.

आणि आज दुपारी आम्ही निघालो. सगळं हॉस्टेल, प्रत्येकीच्या हातात आपापलं ताट आणि तांब्या, मागे नवं लुगडं नेसून ताईबाई, आणि सगळ्यांच्या पुढे मी, कारण पत्ता मलाच माहीत. बिल्डिंगच्या वॉचमनला वाटलं मोर्चा आला, तो गेट लावायला धावला. मॅडमनी दार उघडलं ते हसत, पण ते हसू तसंच राहिलं आणि डोळे मोठे होत गेले. आत टेबलावर कागदी बशा मांडलेल्या. एक कचोरी, एक पेढा, चिमूटभर वेफर. नाना, वास्तुशांतीला कचोरी! वरण-बट्टी नाही, वांग्याची भाजी नाही! माय वं! मला वाटलं, खरं जेवण आत असेल. मी वाकून स्वयंपाकघरात पाहिलं, तर ओटा कोरा करकरीत.

मॅडम हळूच म्हणाल्या, ‘‘ऋतिका, या सगळ्या कोण?’’ मी म्हटलं, ‘‘माझी चूल.’’ आणि तिथेच भोकाड पसरलं.

मग ताईबाईंनी पदर खोचला आणि ‘‘दाळ-तांदूय शे का?’’ विचारत सरळ आत शिरल्या. सर (मॅडमचे यजमान) किराणा आणायला पळाले. ज्या पातेल्यात सकाळी दूध उतू घातलं, त्यात खिचडी शिजली. पोरी जिन्याच्या पायऱ्यांवर पंगत धरून जेवल्या. वासाने शेजारचे बाहेर आले, आणि त्यातले दोघे तर ताट घेऊनच. निघताना मॅडम अजिबात न हसता म्हणाल्या, ‘‘उद्या स्टाफरूममध्ये भेट.’’

संपलं! नापास करतील, नाहीतर कॉलेजातून नाव काढून टाकतील. मी उद्या जाणारच नाही. तुम्ही या आणि मला न्या. मी घरी राहून केळीचे घड वाहीन, आबा म्हणतील तिथे लग्न करीन. (हे वाक्य आबांना वाचून दाखवू नका.)

तुमची अभागी पुतणी,
ऋतिका

ता. क. – सोमवार. प्रेमराजभाऊंची गाडी आज निघाली नाही, म्हणून पत्र अजून माझ्याजवळच आहे. हॉस्टेलच्या पोरींनी मला दोन्ही हातांना धरून स्टाफरूमपर्यंत नेलं. (त्यांना माझं नाव माहीत आहे, नाना! सगळ्यांना!) मॅडम रागावल्या नव्हत्या. त्यांच्या सासूबाई (त्या इकडच्याच) म्हणताहेत की आवतन चूलबंद दिलं आणि घातली खिचडी, हे अर्धवट राहिलं, घराला लागतं. येत्या रविवारी नीट जेवण घालायचंय. तेव्हा भरताची दोन पोती वांगी, ती भाजायला तुरीच्या काड्या आणि स्वतः तुम्ही, असे या. मी तुमच्या वतीने हो म्हणून बसले आहे.

ता. क. दुसरा – वर ‘मला घेऊन जा’ लिहिलंय ते मी खोडलेलं नाही, कारण रविवारपर्यंत मला परत भीती वाटणार. रोज सकाळी वाटतेच. म्हणून आत्ता जरा धीर आहे तोवर लिहून ठेवते. गाडी दारात लागली आणि मी पिशवी घेऊन समोर उभी दिसले, तर वांगी उतरवा आणि मला नेऊ नका. कितीही रडले तरी नेऊ नका.