सहाची की आठची

॥ श्री ॥
वसमत, ७ ऑक्टोबर २०२५

चि. विश्वंभर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या दाजींचा खोकला आणि माझ्या कानातलं मशीन आळीपाळीनं शिट्ट्या मारतात, बाकी तकलीफ न्हाई. मला फोनवर धड ऐकू येत न्हाई म्हणून महत्त्वाचं काय ते पत्रात लिहायचं, असं आपलं ठरलंय. मग एवढी मोठी बातमी तू परवा फोनवर काहून सांगितलीस?

मला जेवढं कळलं तेवढं लिहिते, चुकलं तर सांग. तू सोनी नावाची कोणी घरी आणून राहिला. आनंद आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी का होईना, सुचलं. पण तू म्हणालास की सहाची आणावी की आठची आणावी ते ठरत न्हाई. मी आधी मुलांची संख्या समजले आणि खाटेवर बसले. मग तू म्हणालास, आठची दिसायला सरस पण जड आहे, सहाची हलकी, तुझ्याच्यानं उचलली जाईल. बाबा रे, या वयात बायको उचलायची कशाला? उंची चार फूट म्हणालास. असू दे, देवानं दिली तेवढी. तिला बसायला लाकडी बैठक लागते आणि ती बसल्याबसल्या गोल फिरते, हे मात्र मला कळलं न्हाई. आरशाचं फार नाजूक आहे म्हणालास. बाईमाणसाचं असतंच. आणि गच्चीवर अर्धा तास उघड्यावर ठेवली की थंड होते, हे ऐकून काळजी वाटली. एवढी तापट असेल तर नीट विचार कर.

माझ्याकडून होकार समज. काल कोजागरीच्या दुधाला शेजारच्या बाया जमल्या होत्या, त्यांना सांगून टाकलं. शेजारच्या नजमुन्निसाभाभी तर रडल्याच. भाऊबीजेला जोडीनं ये.

माया आहेच, ती आता दोघांत वाटून घ्या.
तुझी
गंगूताई


कळमनुरी, ११ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. गंगूताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा घाम फुटला. ताई, सोनी नाही. डॉब्सोनियन. ही बाई नसून आकाश बघायची दुर्बीण आहे. एक जाड नळी, तिच्या तळाशी आरसा, आणि खाली तोफेच्या गाड्यासारखी लाकडी बैठक. ना मोटर, ना वायर. हातानं ढकलायची, डोळा लावायचा. सहा आणि आठ म्हणजे आरशाची रुंदी, इंचांत. घरातून एकदम बाहेर नेली की आरसा गरम असतो आणि चित्र थरथरतं, म्हणून आधी अर्धा तास निवू द्यावी लागते. स्वभावानं ती गरीब आहे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी भिंगं पुसून पोरांच्या हातात दिली. पोरं बघायची, मी कपाट लावायचो. निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं, आता आपण बघायचं. आठची घेतली तर अंधुक तारकागुच्छसुद्धा मोकळे दिसतात म्हणे. सहाचीत चंद्र, गुरू, शनी छान दिसतात, अंधुक गोष्टी जरा कमी. तिसरी एक बुटकी पाच इंची आहे, टेबलावर ठेवायची. पण माझं टेबल पेपर ठेवला तरी हलतं.

नासेर मिस्त्रीला सल्ला विचारला. कॉलेजची बाकं करणारा तो नासेर, तुझ्या ओळखीचा. तो म्हणाला की लोक लग्नाआधी मुलगी बघतात, मग ही चोवीस किलोची वस्तू तू न बघता काहून मागवून राहिला? त्याने पत्र्याच्या चार फुटी दोन नळ्या आणल्या, वाळू भरून एक सहाच्या वजनाची केली, एक आठच्या. म्हणाला, आठ दिवस दोघींसोबत संसार करून बघ.

आठची घेऊन काल गच्चीचा जिना चढलो. सातव्या पायरीवर पाठीनं जवाब दिला. ना वर जाता येईना, ना खाली. नळी मांडीवर घेऊन तिथेच बसलो. पाऊण तासानं नासेर आला. त्याने आधी नळी उचलली, मग मला. तरीही मन आठवरच आहे.

सहाचीची परीक्षा भाऊबीजेला. ती नळी एस.टी.ने वसमतला घेऊन येतो. प्रवासात जमते का बघू. कृपा करून तोवर सगळ्यांना सांग की लग्न नाही.

दाजींना नमस्कार. लोभ ठेव, गैरसमज ठेवू नकोस.
तुझा
विश्वंभर


वसमत, १५ ऑक्टोबर २०२५

चि. विश्वंभर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुर्बीण तर दुर्बीण. मी तुझ्या दाजींना सांगितलं, तर ते म्हणाले की त्यांना पहिल्यापासून संशय होता, कारण तुला होकार देणारी इतक्या लवकर सापडणं शक्य न्हाई. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले न्हाई.

तू विचारलं न्हाईस, तरी माझं मत सांगते. ती बुटकी घे. मांडीवर घेऊन बसमधून येता येईल. टेबल मी देते, आमचं सागवानी आहे, त्यावर तुझे दाजी चढले तरी हलत न्हाई. आठचीचं नाव काढू नकोस. पाठ गेली तर तुला पाणी कोण देईल, तारे?

आणखी एक. तुझी रास मेष. यंदापासून साडेसाती लागली आहे. अशा वेळी माणूस शनीला तेल वाहतो, दिसला न दिसला करून निघून जातो. तू तर त्याच्याकडे नळी रोखून शंभर पट मोठा करून बघणार. त्यालाही तू तेवढाच मोठा दिसलास तर?

शेजारी सांगते, सांगते. रोज सांगायला जाते आणि बाया आधीच काहीतरी छान बोलतात, मग राहून जातं. भाऊबीजेच्या आत नक्की सांगेन.

येशील तेव्हा जपून ये. आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला जरा जास्त.
तुझी
गंगूताई


कळमनुरी, २५ ऑक्टोबर २०२५

सौ. गंगूताईस,
नमस्कार.

मी परवा आलो होतो. तुला कळलंच असेल, पण माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

नळीला ओरखडे नकोत म्हणून नासेरच्या बायकोने तिला हिरव्या चादरीत गुंडाळून वर दोरी बांधली. बसमध्ये ती आडवी मावेना, म्हणून खिडकीकडच्या सीटवर उभी करून मी शेजारी बसलो. कंडक्टरने हिचं तिकीट म्हणून विचारलं. मी सामान म्हटलं. तो म्हणाला, सीट अडवली की सामान नसतं. अर्धं तिकीट काढलं.

वसमतच्या स्टँडवर उतरलो तर समोर नजमुन्निसाभाभी हार घेऊन, आणि तुझ्या भजनी मंडळातल्या चार बाया हळदीकुंकू घेऊन उभ्या. तू सांगितलं नव्हतंस. त्यांनी विचारलं की ती कुठे आहे. मी बोलेपर्यंत कंडक्टरनेच दारातून सांगितलं की ही काय, साहेबांनी हिचं तिकीट काढलंय. एका म्हातारीला दिसत कमी असावं. तिने पुढे होऊन नळीला कुंकू लावलं आणि किती सडपातळ आहे, असं कौतुक केलं. भाभींनी गोंधळून हार घातला. सगळा स्टँड हसला. मीही हसलो असतो. पण मागून कुणीतरी म्हणालं की जन्मभर एकटा राहिला आणि शेवटी पन्हाळीशी लग्न लावलं.

ते लागलं, ताई. तसाच वळलो आणि परतीच्या बसमध्ये बसलो. तुझी साडी पिशवीतच राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा भाऊबीज चुकली.

दुर्बीण घेणार नाही. नासेरला नळ्या परत दिल्या.

कळावे.
विश्वंभर


वसमत, २९ ऑक्टोबर २०२५

माझ्या विश्वंभरास,
पोटभर आशीर्वाद.

‘कळावे’ एवढंच लिहून तू पत्र संपवलंस. तीन दिवस पत्र उघडून तोच शब्द वाचते आहे. चूक माझी आहे. खरं लिहिते. आई गेली तेव्हापासून रोज निजताना मनात येतं की तू जेवला असशील का, आजारी पडलास तर दाराची कडी कोण काढेल. ती बातमी खोटी निघाली तरी चार दिवस मी निवांत झोपले होते. खोटं आहे हे सांगितलं की ती झोप जाईल, म्हणून जीभ उचलेना. त्याची सजा तुला झाली.

नजमुन्निसाभाभी त्या संध्याकाळी येऊन रडल्या. हार नळीला घातला याचं न्हाई, तू उपाशी परत गेलास याचं त्यांना लागलं. बोलणारा माणूस कोण ते त्यांनी शोधून काढलं. त्याच्या दुकानासमोर उभं राहून त्या काय बोलल्या ते मला मशीन काढूनही ऐकू आलं.

तू येशील म्हणून मी निरांजन लावून बसले होते. आला न्हाईस. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात, तसं ओवाळलं. नखाएवढा होता, लगेच ताडाच्या झाडामागे गेला. मला वाटलं, ज्याला भाऊ म्हणून ओवाळलं त्याचं तोंडसुद्धा आपण धड पाह्यलं न्हाई.

तेव्हा दुर्बीण घे. हट्ट समज. बुटकी घे हा माझा आग्रह सोडला. फक्त एवढं बघ की मला गच्ची चढवत न्हाई. जी खाली अंगणात आणून मला दाखवशील ती घे.

रागावलास तरी चालेल, पण लांबलचक पत्र लिहून रागव.
तुझी चुकलेली
ताई


कळमनुरी, २७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. गंगूताईस,
शि. सा. न. वि. वि.

सहाची घेतली. आठची मनातून गेली नाही, पण ती गच्चीवर गेली असती तर तिथेच राहिली असती. सहाची मी एकटा दोन फेऱ्यांत अंगणात आणतो. आधी बैठक, मग नळी. नासेरने तिच्याजवळ बसून बघायला उंच स्टूल करून दिलं आहे. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, ताईंना बसवून बघ, आवाज आला तर दुरुस्त करून देतो.

पण ऐक. गेल्या रविवारी संध्याकाळी सातला पहिल्यांदा शनी लावला. सापडला, पिवळसर, गोल, गोड. आणि कडी नाही! ज्यासाठी एवढं केलं ती कडीच नाही. भिंग बदललं, पुसलं, नासेरला बोलावलं. तो म्हणाला की पार्सलमध्ये कुठे पडली असेल, आणि खरंच खोक्यातला भुसा चाळायला बसला. मी पुण्याच्या दुकानाला फोन लावला आणि खराब माल पाठवला म्हणून बराच बोललो. पलीकडची मुलगी शांत होती. तिने सांगितलं की आजच्या दिवसातला हा पंधरावा फोन. शनीची कडी सध्या आपल्याकडे धार करून आहे. पातळ इतकी की कडेनं जवळपास दिसतच नाही. असं दर चौदा-पंधरा वर्षांनी होतं. मी फोन ठेवताना माफी मागितली आणि ताई, तिला बेटा म्हणालो.

मग पुन्हा नीट बघितलं. खूप वेळ बघितल्यावर एक रेघ दिसली. सुईत ओवलेल्या मण्यासारखा शनी. बघतच राहिलो. कडी दरवर्षी थोडी उघडत जाईल आणि २०३२ च्या सुमाराला पूर्ण पसरेल, असं ती मुलगी म्हणाली.

तू ये. शनिवारी ये. चंद्र अर्ध्याहून जास्त भरलेला असेल. साडी कपाटात आहे.

लोभ गेला नव्हता, नळीसोबत परत आला एवढंच.
तुझा
विश्वंभर


वसमत, ३ डिसेंबर २०२५

चि. विश्वंभर यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझे दाजी बसमध्ये सगळ्यांना सांगत आले की चंद्र उलटा आहे. दुर्बिणीत उलटं दिसतं हे तू चारदा समजावलंस, तरी त्यांचं म्हणणं की दुर्बीण बराबर आहे, आजवर आपणच चुकीचं बघत होतो. मान वाकडी करून पाऊण तास बघितल्यानं ती तशीच राहिली आहे. रोज तीळतेल चोळते आहे.

तिथे मी काही बोलले न्हाई म्हणून तुला वाटलं, मला आवडलं न्हाई. तसं न्हवतं. चंद्राचं तोंड देवीच्या व्रणांनी भरलेलं, आणि तरी इतकं झळझळीत. शनीची रेघ मला आधी दिसलीच न्हाई. तू मागे उभं राहून म्हणत होतास की घाई करू नको, ताई, बघत राहा. इतक्या हळू आवाजात बोललास तरी मला ऐकू आलं. नंतर दिसली. मी बघत असताना शनी आपोआप सरकत नळीबाहेर गेला, तर मला वाटलं मीच धक्का दिला.

नासेरमिस्त्रींना सांग की स्टूल हललं न्हाई. त्यांच्या घरी भाभींच्या हातची खोबऱ्याची बर्फी पाठवते आहे, निम्मी तुझी.

आता खरी गोष्ट. परवा नांदेडच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. चार वर्षं ज्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी न्हाई म्हणत होते, त्याची जानेवारीची तारीख घेतली. डॉक्टर म्हणाले की या वयात करून घेताय, चांगलं आहे, नवा गुडघा पंधरा वर्षं सहज जातो. मी म्हटलं, मला सातच पाहिजेत, पण त्यात जिना चढता आला पाहिजे.

तुझी पाठ तू सांभाळ. २०३२ पर्यंत आपल्याला बरंच काम आहे.

वाट बघणारी, आणि आता बघायला शिकलेली,
तुझी
गंगूताई