राहुकाळ लागायच्या आत

रविवार, जेवणं झाल्यावर

राग अजून उतरला नाही.

सांगोल्यापलीकडच्या डोंगरावर मल्लूनं, माझ्या नवऱ्यानं, हँग ग्लायडर, म्हणजे ज्याखाली माणूस लटकून उडतो तो मोठा पंख, जोडला. धावायच्या आधी अंगावरच्या पट्ट्यांचा हुक पंखाला अडकवायचा आणि एकदा लोंबकळून बघायचं, हा त्याचाच नियम. तेवढ्यात सासूबाईंचा फोन, "राहुकाळ लागायच्या आत उड की रे!" झालं! नियम गेला खड्ड्यात, साहेब पंख उचलून कड्याकडे पळत सुटले. आणि हुक पाठीवर मोकळाच हलतोय! मी मागून पट्टा धरून त्याला आडवा पाडला, म्हणून वाचला.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं, तर सासूबाई म्हणतात, "बघ, राहुकाळ टाळला म्हणून वाचलास."

वाटलं, आता तरी माझं नाव घेईल. तर हा म्हणतो, "व्हय आई, खरं हाय." वर मलाच, "किती जोरात ओढलंस गं, खांदा दुखतोय."

तो मोकळा हुक डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि हा म्हणे, व्हय आई!

पुढच्या वेळी पट्टा धरायला पंचांगालाच घेऊन जा म्हणावं.