घर हिच्या नावे

मी, खाली सही करणारा, पायदळातला निवृत्त कवायत उस्ताद, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांचं विचारू नये.

१. माझ्या सबंध नोकरीत लढाई झाली नाही. रोज सकाळी पोरांना मैदानावर घासलं, संध्याकाळी बंदुका पुसून घेतल्या. धाकटा भाऊ चारचौघांत म्हणतो, "दादानं जन्मभर बसून खाल्लं." अरे शहाण्या, दाराला कुलूप होतं म्हणून चोर फिरकला नाही! माझे कवायतीचे बूट त्याला द्यावेत. महिनाभर रोज त्यात तोंड दिसेपर्यंत घासावेत, मग बोलावं.

२. बँकेतली ठेव मुलगा व मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. दीर्घ सेवेचं पदक मुलीला. लहानपणी ती ते बाहुलीला घालायची.

३. राहतं घर पत्नीच्या एकटीच्या नावे. पलटण हलली की हिनं बिऱ्हाड गुंडाळायचं, असाच आमचा संसार झाला. फुलायला आलेली जाई मागं टाकून ही ट्रकमध्ये बसायची. आता चिरंजीव म्हणतात, "बाबांच्या मागे घर विकू, आई आमच्याकडे राहील." खबरदार! हे घर कोणीही विकू नये, आणि हिनं शेवटपर्यंत इथून हलू नये.

४. वरील कलम हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "बदलीचा हुकूमही असाच यायचा. मला विचारलंय कोणी?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी लिहिलंय."

"साहेबही तेच म्हणायचे."

मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

सबब कलम तीनमधलं शेवटचं वाक्य रद्द समजावं. हिनं राहावं, विकावं, भाड्यानं द्यावं, मुलाकडे जावं नाहीतर बहिणीकडे. कोणी कारण विचारू नये. मी मात्र न राहवून विचारलं, "पण राहशील ना?" म्हणाली, "बघू." तरी लिहिलेलं कायम. घर हिचं आहे.

सही : उस्ताद

साक्षीदार (पत्नी लाभार्थी असल्यानं साक्षीला चालत नाही) :
१. शेजारचे डॉक्टर
२. कोपऱ्यावरचा शिंपी

ठिकाण : पत्नीचं घर
दिनांक : ४ मार्च