जाणाऱ्यांची वही

३ ऑक्टोबर १९३४

कॅथीड्रलचे प्रमुख, डीनसाहेब, यांनी चहाला बोलावून काम गळ्यात मारलं — शाळेचा इतिहास लिहा. हार्नबरी कॅथीड्रलची ही गाणाऱ्या पोरांची शाळा पुढच्या वर्षी चारशे वर्षांची होतेय. "एकतीस वर्षं गाणं शिकवताय, थ्रेल. निम्मा इतिहास तर तुम्हीच." हसले. मी बिस्कीट चावत राहिलो. रोज सकाळची तालीम, रोज संध्याकाळची प्रार्थना. अंगात त्राण उरत नाही. वर हे!

९ ऑक्टोबर

जाणाऱ्यांची वही कपाटातून काढली. कडा उंदरांनी कुरतडल्यात.

वयात येताना आवाज फुटला की पोरगा स्वतः येऊन म्हणतो, "सर, माझं झालं." वहीत सही करतो आणि गळ्यातली चुणीदार कॉलर सगळ्यांत लहान मुलाला देतो. त्याआधी कुणी त्याला काही बोलायचं नाही — शिक्षकानेसुद्धा नाही. खिडक्या फोडल्या, डीनच्या बागेतली नासपती चोरली, पण हा नियम पोरांनी कधी मोडला नाही.

१७९४ मध्ये टोबी रेन नावाच्या पोराने सात महिने सांगितलंच नाही! नुसते ओठ हलवायचा. बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून जोरात गायचे. शेवटी आला एकदाचा. सही वाकडी आहे.

१० ऑक्टोबर

थंडीने बोटं सुजलीत. इतिहासाची एक ओळही लिहून झालेली नाही.

१७ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो. ईस्टरपासून मला पोरांचे वरचे सूर ऐकू येत नाहीत. बोलणं येतं, ऑर्गन येतो, मोठ्या माणसांचे आवाज येतात. पोरं वर चढली की नुसती उघडी तोंडं दिसतात. ती बघून मी मान डोलावतो.

सांगितलं तर नोकरी जाईल. घर कॅथीड्रलचं, तेही जाईल. एडिथताई सत्तरीला आलीय. तिला घेऊन कुठे जाऊ? भीती वाटते. लाज त्याहून जास्त वाटते.

२६ ऑक्टोबर

डीनसाहेबांनी दारातच गाठलं. "यंदा वरचे सूर किती स्वच्छ लागतायत, थ्रेल. काय खायला घालता पोरांना?"

"लापशी."

निर्लज्जासारखी स्तुती पचवली.

६ नोव्हेंबर

छोट्या हॉब्डेवर डाफरलो, सूर उतरला म्हणून. निव्वळ अंदाजाने! पोरगं लालबुंद झालं. पोरांतला सगळ्यांत मोठा, पास्को, उठून म्हणाला, "चूक माझी होती, सर." पास्को तीन वर्षांत चुकलेला नाही.

८ नोव्हेंबर

आज तालमीला अर्धा तास लवकर गेलो. दार किलकिलं होतं. आत सगळी पोरं आधीच हजर! पास्को माझ्या स्टुलावर उभा राहून पेन्सिलीने ताल देत होता. वरचे सूर घोटून घेत होता.

मध्येच हॉब्डे म्हणाला, "सरांना ऐकू येत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला नको का?"

"आपण नाही. ज्याचं जातं तोच सांगतो. तोवर आपण नीट गायचं. चल, पुन्हा. आणि या वेळी जागा राहून गा."

मी अंगणाला एक फेरी मारून वेळेवर आत शिरलो. कुणाच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

९ नोव्हेंबर

एडिथताईला सांगितलं. "किटली शिट्टी मारून मारून थकते आणि तू शेजारी बसून वाचत असतोस," ती म्हणाली. "मला केव्हाचं ठाऊक आहे. खोली कुठेही मिळेल. जाऊन सांग."

१० नोव्हेंबर

तालीम संपल्यावर पोरांसमोर उभा राहिलो. "माझं झालं," म्हणालो. पास्कोने गुपचूप वही आणली. सही केली, टोबी रेनपेक्षा वाकडी. माझ्याकडे कॉलर नव्हती, म्हणून हॉब्डेला माझा सूर लावायचा नादकाटा दिला.

आता डीनसाहेबांकडे जायचंय. पोरं म्हणाली, दारापर्यंत येतो.